बाकांच्या लाकडाची पेटी

सिस्टर एफीने उंबरठा ओलांडला तेव्हा आयसिल्डाच्या हातातला डाव मटणाच्या पातेल्यात तसाच थांबला. कित्येक वर्षं नणंदबाई लंडनमधल्या हार्ल्सडनच्या या घराच्या फाटकापर्यंतच येत होत्या. आजारपणात सूप फाटकावरून, नाताळचा केक फाटकावरून. आयसिल्डाच्या लेकीच्या, वेरोनाच्या लग्नात तर फाटकात उभं राहूनच त्यांनी भाचीला आशीर्वाद दिला होता. आज वेरोनाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि बाळ बॅरिंग्टनला कडेवर घेऊन त्या सरळ बैठकीत आल्या. डोक्यावरची हॅट न काढता सगळ्यात ताठ खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पडदे बदललेस वाटतं."

"बदलून जुने झाले, सिस्टर," आयसिल्डा म्हणाली.

"बरे आहेत."

एवढंच बोलणं झालं. पण आयसिल्डाने स्वयंपाकघरात येऊन ॲप्रनला डोळे पुसले. हे बोलणं फाटकाच्या अलीकडे झालं होतं.

भांडण मूळचं लाकडाचं. चर्चने जुने बाक काढले तेव्हा ते जळणासाठी आयसिल्डाच्या नवऱ्याला, लॅसेल्सला दिले. लॅसेल्स सुतार. पिकलेलं, उत्तम लाकूड शेगडीत घालायला त्याचा हात धजेना. त्याने त्याची धाकट्या भावासाठी, एग्बर्टसाठी, स्पीकरची पेटी केली, चांगली कपाटाएवढी. मग दर शनिवारी को-ऑपच्या हॉलमध्ये एग्बर्ट त्या पेटीतून स्का, म्हणजे जमैकाची नाचायची गाणी, वाजवायला लागला. हॉलच्या पायऱ्यांवर सिस्टर एफी खंजिरी वाजवत, गात, पत्रकं वाटत उभ्या राहायला लागल्या. पोरं पत्रक घ्यायची, "गुड इव्हनिंग, सिस्टर" म्हणायची आणि आत जायची. लॅसेल्स आणि एग्बर्ट ही त्यांनीच वाढवलेली भावंडं. आई गेल्यावर एफीनेच दोघांना न्हाऊमाखू घातलं होतं, म्हणून राग दुप्पट. पुढे लॅसेल्सने याच बैठकीत रेकॉर्डची कंपनी काढली, लेबलवर चिकूचं चित्र, नाव नेझबेरी, जमैकात चिकूला म्हणतात तेच. त्या दिवसापासून सिस्टर एफींचा पाय फाटकाशी थांबला तो थांबलाच.

या हिवाळ्यात लॅसेल्स त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "तुझ्या मंडळीची रेकॉर्ड काढतो, सिस्टर. तुझं स्वतःचं गाणं. लेबलवर तुझं नाव." त्यावर त्या महिनाभर गप्प राहिल्या आणि मग हो म्हणाल्या. रेकॉर्ड आज सकाळी चर्चमध्ये विकली गेली होती. आता आजचं जेवण नीट पार पडलं की झालं. काही बिनसलं तर नणंदबाई पुन्हा फाटकाबाहेर, आणि या वयात पुन्हा कधी आत येतील कोण जाणे. आयसिल्डाने मटणात मीठ घातलं का नाही ते आठवेना, म्हणून चाखलं. घातलं होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने एग्बर्ट आला. एग्बर्ट पिनॉक कधी कुठे मागच्या दाराने जात नसे.

"मिस आयसी, थोडं बोलायचं होतं."

"मटण अजून व्हायचंय."

"मटणाचं नाही."

"मग फारच गंभीर दिसतंय."

त्याने कोटाखालून एक रेकॉर्ड काढली. मधलं लेबल खरवडलेलं. त्यात नवल नव्हतं. एग्बर्टचा जन्मच ताकास तूर लागू न देण्यासाठी झाला होता. नवी रेकॉर्ड हातात आली की खिशातलं अर्ध्या क्राउनचं नाणं काढून तो आधी तिचं नाव खरवडायचा. पलीकडच्या प्रतिस्पर्धी साउंडवाल्याने वाकून नाव वाचलं तर पुढच्या शनिवारी तेच गाणं त्याच्या हॉलमध्ये. धंद्याची ही रीत किंग्स्टनहून बोटीतून आलेली, आणि एग्बर्ट ती बायबलातल्या आज्ञेसारखी पाळायचा.

"रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात देण्यासाठी लॅसेल्सने माझ्याकडे दोन नमुने दिले होते," तो म्हणाला. "एक सिस्टरचं गाणं. एक माझ्या बँडचा 'लोखंडी घोडा'."

"माहितीये. दिलेस ना?"

"दिले. त्याआधी व्हॅनमध्ये नावं खरवडली."

"दोन्हीची?"

"कारखान्यात पलीकडच्याचा मेहुणा काम करतो, मिस आयसी. उगाच कशाला."

आयसिल्डाने डाव खाली ठेवला. "मग तिथे कोणती कुठली ते कसं सांगितलंस?"

"उजेडाकडे धरून. मला रेघांवरून कळतं. गाणं दणदणीत असलं की रेघा खवळलेल्या दिसतात, शांत असलं की सरळ. एक तबकडी नुसती खवळलेली होती. म्हटलं ही माझी. दुसरी जरा सभ्य, म्हटलं ही चर्चची." तो थांबला. "खवळलेली सिस्टरची होती."

आयसिल्डा बटाट्यांच्या पोत्यावर बसली. बैठकीत हॅट घातलेल्या चर्चच्या सगळ्या बायका होत्या, आणि सकाळी प्रत्येकीने विकत घेतलेली रेकॉर्ड प्रत्येकीच्या पर्समध्ये होती.

"म्हणजे त्यांच्या पर्समध्ये..."

"लोखंडी घोडा."

"आणि लेबलवर?"

"सिस्टर युफेमिया पिनॉक आणि प्रार्थना मंडळी. खाली चिकू."

"तुला कधी कळलं?"

"काल. हॉलमध्ये. पलीकडच्याशी सामना होता, त्याने त्याचं सगळ्यात भारी गाणं वाजवलं. मी म्हटलं थांब बेट्या, घोडा सोडतो. सुई ठेवली, आणि त्या पेटीतून सिस्टर गायला लागली."

"लोकांनी तुला फेकून नाही दिलं?"

"तेच सांगतोय. आधी सगळे गप्प. मग टाळ्यांचा ठेका सुरू झाला ना, तसे पाय हलायला लागले. संपल्यावर पुन्हा लाव म्हणाले. तीनदा लावलं, मिस आयसी."

"आता कातडी वाचवायला काहीही सांग."

"आईशपथ."

"आईला मध्ये आणू नकोस, ती बिचारी वर सुखात आहे."

बैठकीतून पास्टर ग्रँटलींचा भरदार आवाज आला. "ब्रदर लॅसेल्स, जेवणाआधी ती रेकॉर्ड ऐकू या की. सिस्टर एफीच्या तोंडून ऐकलीच आहे, आता चिकूच्या तोंडून ऐकू."

दीर आणि वहिनी यांचं आजवर कुठल्याच गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. मिठावर नाही, पावसावर नाही. पण त्या क्षणी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आयसिल्डाने ओट्यावरची बारीक सुरी उचलली.

"रेडिओग्रामचा प्लग कपाटामागे आहे," ती हळूच म्हणाली. "तू पुढे होऊन बाळाचं कौतुक कर. जोरात कर."

*

लॅसेल्सला धाकट्या भावाचं हे नातवंडप्रेम नवीन होतं. एग्बर्ट बॅरिंग्टनला उंच उचलत होता, "कुणाचं नाक आहे हे, आजोबांचं ना" म्हणून ओरडत होता, आणि बाळ त्याच्या टायची गाठ सोडवत होतं. बॅरिंग्टन दिसेल ते धरायचा. सकाळपासून त्याने पास्टरांचा चष्मा आणि दोन हॅटवरची फुलं एवढं काढलं होतं. रीतीप्रमाणे पाहुण्यांनी त्याच्या मुठीत चांदीची नाणी ठेवली होती, तीही त्याने सोडली नव्हती. शेवटी वेरोनाने ती एकेक सोडवून बशीत ठेवली.

लॅसेल्स मात्र फक्त एका खुर्चीकडे पाहत होता. मोठी बहीण त्याच्या घरात बसली होती. रेकॉर्डच्या धंद्यात त्याने पुष्कळ नकार पचवले होते. व्हॅनमध्ये खोकी घालून तो न्हाव्यांकडे जायचा, मासळीच्या दुकानात जायचा, आयसिल्डा गरम कंगव्याने बायकांचे केस सरळ करायची तिथे आरशाखाली रेकॉर्ड मांडायचा. रेडिओवाले हात लावत नव्हते. हाय स्ट्रीटवरच्या गोऱ्या दुकानदारांचं एकच ठरलेलं, "आमच्याकडे याला गिऱ्हाईक नाही हो." त्याचं त्याला तेवढं वाईट वाटत नव्हतं. फाटकापाशी थांबणारी बहीण मात्र त्याला रोज टोचत होती.

"लावतो," तो म्हणाला. बहिणीने पर्समधून रेकॉर्ड काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती रेडिओग्रामच्या तबकडीवर ठेवली, बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं.

"जुना झालाय तो," आयसिल्डा फारच पटकन म्हणाली. "जेवणं थंड होताहेत. जाऊ दे."

"जुना कसा, मी बांधलाय," लॅसेल्स म्हणाला.

"फ्यूज गेला असेल," असं म्हणत वेरोना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कपाटामागे गेली. ती रेडिओच्या कारखान्यात कामाला होती आणि घरात काही बिघडलं की तिला आनंद व्हायचा. थोड्या वेळाने कपाटामागून तिचा आवाज आला. "आई, प्लगमध्ये फ्यूजच नाहीये."

"उंदीर झालेत फार," आयसिल्डा म्हणाली.

"उंदराने स्क्रू काढला, फ्यूज नेला आणि स्क्रू परत लावला? हा उंदीर आमच्या कारखान्यात पाठव. आम्हाला माणसं कमी पडताहेत."

काही बायका हसल्या. सिस्टर एफी हसल्या नाहीत. त्या आयसिल्डाकडे पाहत होत्या, आणि आयसिल्डा पडद्यांकडे. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

*

वेरोनाने दार उघडलं तर बाहेर दोन गोरी पोरं. लष्करी धाटणीचे लांब कोट, मागे फुटपाथला टेकवलेली आरसे लावलेली स्कूटर. एकाचे केस लाल आणि कान त्याहून लाल.

"मिस्टर एग्बर्ट इथे राहतात का?" लाल केसवाल्याने विचारलं. "त्यांची व्हॅन दिसली."

"काय काम आहे?"

"कालची ती रेकॉर्ड पाहिजे होती. विकत."

"कालच्या पुष्कळ असतील."

"ती हो, ती बाई गाते ती." पोरगं अडखळलं. "नाव माहीत नाही. आम्ही वाकून पाहिलं, पण लेबल खरवडलेलं होतं. सकाळपासून तीन न्हाव्यांची दारं ठोठावली, पण आज रविवार."

"कुठली बाई? म्हणून दाखव."

"म्हण ना," दुसऱ्याने कोपराने ढोसलं. लाल केसवाल्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग डोळे मिटले, हाताने ठेका धरला आणि पायरीवर उभं राहून गायला लागला.

*दार उघड, मी आलेय, चिखलाच्या पायांनी आलेय...*

बैठकीत सिस्टर एफींच्या हातातला ग्लास गुडघ्यावर टेकला. लंडनमधल्या पहिल्या हिवाळ्यात, खोली शोधत दारोदार फिरताना, एका बंद झालेल्या दारासमोर त्यांनी ही ओळ रचली होती. पावसात बूट फुटले होते. रडू येऊ नये म्हणून चालता चालता पुढच्या ओळी जुळवल्या. चर्चबाहेर हे गाणं कुणी ऐकलेलं नव्हतं. रेकॉर्ड तर आज सकाळीच हातात आली. मग हे पोरगं ते कसं गातंय, आणि तेही टाळीच्या त्याच उलट्या ठेक्यावर, जो मंडळीतल्या अर्ध्या बायकांना अजून जमत नव्हता?

"त्याला आत आण," त्या म्हणाल्या.

पोरं आत आली. हॅटांची एवढी मोठी रांग बघून दोघांनी आपोआप हात मागे बांधले.

"कुठे ऐकलंस हे?"

"को-ऑपच्या हॉलमध्ये, मॅम. काल."

"हॉलमध्ये."

"हो. तीनदा लावलं. शेवटच्या वेळी सगळा हॉल गात होता. आमचा एक मित्र तर रडला, पण तो तसा नेहमीच रडतो."

सिस्टर एफींनी मान न वळवता हाक मारली. "एग्बर्ट."

एग्बर्ट दाराच्या मागे होता. तिथून बाहेर आला आणि सगळं सांगितलं. नावं खरवडली, रेघा पाहिल्या, चुकलो. लपवाछपवी काही केली नाही, फक्त आवाज पार खाली गेला होता. लॅसेल्स रेडिओग्रामसमोरून पुढे आला.

"सिस्टर, कंपनी माझी आहे," तो म्हणाला. "खोकं उघडून मी एकही वाजवून पाहिली नाही. चूक माझी."

"म्हणजे ही माझ्या नावाची रेकॉर्ड," तबकडीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ही याच्या बँडची?"

"हो."

"लाव."

"फ्यूज..."

आयसिल्डाने गुपचूप ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि फ्यूज पुढे केला.

"सापडला उंदीर," वेरोना म्हणाली.

मग 'लोखंडी घोडा' सुरू झाला. पहिल्याच फटक्याला ट्रॉम्बोन अंगावर आला, मागोमाग उलट्या ठोक्यावर गिटार, आणि भिंतीवरची बशी हलायला लागली. बायका ताठ बसल्या होत्या. पास्टर खिडकीबाहेर पाहत होते, पण त्यांचा गुडघा त्यांच्या ताब्यात नव्हता. लाल केसवाल्याला नाचावंसं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, त्यामुळे तो नुसताच लालबुंद होत गेला. सिस्टर एफींनी अख्खी रेकॉर्ड ऐकली. सुई वर उचलली गेली तेव्हा त्यांनी पायाशी ठेवलेली पर्स उचलली.

लॅसेल्सने डोळे मिटले. संपलं, त्याला वाटलं. आता उठेल, आणि फाटकाशीसुद्धा येणार नाही.

पर्स उघडल्याचा आवाज आला. सिस्टर एफींनी चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला.

"ती रेकॉर्ड इकडे दे." त्यांनी ती घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि डोळे बारीक करून रेघा पाहिल्या. "एग्बर्ट. आमची याहून खवळलेली दिसत होती?"

"हो, सिस्टर."

"तुझ्या सगळ्या बँडपेक्षा?"

"हो."

"ट्रॉम्बोन असूनही?"

"असूनही," एग्बर्ट म्हणाला. हे कबूल करताना त्याला चुकीपेक्षा जास्त दुःख झालं.

सिस्टर एफींनी पास्टरांकडे पाहिलं. 'तुम्हीच म्हणत होता ना, जरा हळू गा' असं त्यांनी बोलून दाखवलं नाही, कारण गरज नव्हती.

"मी त्या पायऱ्यांवर इतकी वर्षं उभी राहिले," त्या म्हणाल्या. "थंडीत. आतून एकदाही कुणी या म्हटलं नाही."

"तू आली नसतीस, सिस्टर," लॅसेल्स म्हणाला.

"नसतेच आले. पण बोलवायला काय झालं होतं?"

दोघा भावांनी त्यांना खरंच कधी बोलावलं नव्हतं.

"काल कुठल्या पेटीतून वाजलं माझं गाणं?"

"त्याच," लॅसेल्स म्हणाला.

"बाकांच्या?"

"हो. बाकांच्या."

"मग बाकांनी आपलं काम केलं म्हणायचं. उशिरा केलं, पण केलं." आणि एवढं बोलून त्या रडायला लागल्या, हॅटसकट, मोकळेपणाने, सगळ्यांसमोर. लॅसेल्स जाऊन त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी तेल लावताना ठेवायच्या तसा. आयसिल्डाला आता डोळे पुसायला ॲप्रन पुरेना.

लाल केसवाला पुढे सरकला. "तर मग... मिळेल का रेकॉर्ड?"

"व्हॅनमध्ये खोकं आहे," एग्बर्ट म्हणाला. "लेबलवर 'लोखंडी घोडा' आहे, पण आत सिस्टरच आहे. आत्ता देतो."

"देणार नाहीस," सिस्टर एफी डोळे पुसत म्हणाल्या. "माझा आवाज आणि तुझं नाव? नवी लेबलं छापा. पूर्ण नाव, युफेमिया पिनॉक. मग या मुलांना द्या. आणि हाय स्ट्रीटच्या त्या दुकानदाराला सांगा, गिऱ्हाईक नाही म्हणतो ना, दोन तर इथेच उभे आहेत."

"आमचे स्कूटरवाले सगळे घेतील, मॅम," पोरगं म्हणालं. "विल्सडनपासून पॅडिंग्टनपर्यंत."

लॅसेल्स गुडघ्यावरून उठला आणि धंद्याच्या माणसासारखा बोलायचा प्रयत्न केला. "भगिनींनो, तुमच्याकडे चुकीच्या रेकॉर्ड आल्यात. ज्यांना बदलून हव्या असतील त्यांनी पुढच्या रविवारी आणाव्यात."

हॅटांच्या रांगेत कुणीही पर्स उघडली नाही. एकजण म्हणाली, "राहू दे हो, कशाला त्रास," आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पास्टरांनी मटणाची आठवण काढली.

सगळे उठायला लागले तेव्हा सिस्टर एफींनी बॅरिंग्टनला मांडीवर घेतलं. "आणि एक ऐकून ठेव, एग्बर्ट. नवीन लेबल आलं की त्याच्यावरचं माझं नाव कुणी खरवडायचं नाही. पलीकडच्याने वाचलं तर वाचू दे. त्यानेही वाजवू दे."

"त्यानेही?" एग्बर्टचा जीव कळवळला.

"सगळ्यांनी. खिशातलं ते नाणं काढ."

त्याने काढलं. अर्ध्या क्राउनची एक कड घासून घासून गुळगुळीत झाली होती. किती गाण्यांची नावं त्या कडेने गेली असतील, त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

"पोराला तू अजून चांदी दिली नाहीस," त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून बघतेय."

एग्बर्टने एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि नाणं बाळाच्या मुठीत ठेवलं. बॅरिंग्टनने ते घट्ट धरलं. मग तो पुढे वाकला आणि आत्याआजीच्या मांडीवर पडलेल्या रेकॉर्डवर नाण्याची कड जोरात घासायला लागला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत चिकूचं देठ गेलं होतं.

"मी नाही हं शिकवलं," एग्बर्ट घाईघाईने म्हणाला.

वेरोना बाळाचा हात धरायला धावली, पण सिस्टर एफींनी तिला अडवलं आणि रेकॉर्ड त्याच्या आणखी जवळ सरकवली.

"खरवडू दे त्याला," त्या म्हणाल्या. "या घोड्यावरचं माझं नाव तसंही चुकीचंच आहे."